रिकामं मिनिट

नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर, कोपऱ्यातल्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत सहा खाटा होत्या. त्यांतल्या पाच नेहमी रिकाम्या असत आणि सहाव्या खाटेवर आजोबा असत. आजोबा म्हणजे रबराचा, पुऱ्या मापाचा एक पुतळा. वय बत्तीस वर्षं, प्रकृती ठणठणीत. कितीतरी तुकड्यांतल्या मुलींनी त्यांची पाठ पुसली, त्यांना कुशीवर वळवलं, नाकातून नळी घातली, अंगाखालची चादर बदलली. आजोबांनी कधी हूं की चूं केलं नाही. डाव्या कानाची पाळी एका तुकडीनं तोडली होती, ती पुढच्या तुकडीनं चिकटवली. अलीकडे रबर चिकट व्हायला लागलं होतं, म्हणून सकाळी सकाळी त्यांना अंगभर पावडर लावावी लागे. ती पावडर मग चादरीवर, टेबलावर, मुलींच्या कोटांवर, जिथे तिथे दिसे.

या खोलीत बाई शिकवत. मुली त्यांना समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे मिनिट मॅडम. त्याला कारण होतं. वॉर्डात काम करणाऱ्या पुष्कळ जणी नाडी पंधरा सेकंद मोजतात आणि आकड्याला चारनं गुणतात. बाईंना त्याचा मनस्वी तिटकारा होता. "चारचा पाढा शाळेत सोडून यायचा," त्या पहिल्याच दिवशी बजावत. "माणूस साठ सेकंदांचा असतो. पंधरा सेकंदांत तुम्हाला पाव माणूस कळतो."

हा नियम आजोबांनाही लागू होता. पुतळ्याला कुठली आलीय नाडी? पण तरी मनगटावर तीन बोटं ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेकंदकाट्यावर नजर ठेवायची, साठ सेकंद हलायचं नाही, आणि मग तक्त्यावर लिहायचं, 'नाडी लागली नाही'. बोटाला जे लागलं तेच लिहायचं, मनचं काही लिहायचं नाही. मुली याला रिकामं मिनिट म्हणत. ते संपलं की बेसिनपाशी रांग लावून कोटाच्या बाह्या वर करायच्या, आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. रबराच्या माणसाला हात लावला म्हणून काय झालं?

बाई स्वतः पांढरा कोट घालत, पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी बटण लावलेला. ते बटण फक्त बेसिनपाशी उघडे.

बाई घरी एकट्या होत्या. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती.

तो बाइंडर होता. पुस्तकं बांधायचा. तरुणपणी कागद कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं अर्धं पेर गेलं होतं, आणि त्यावर तो आयुष्यभर विनोद करत राहिला. चाळिशी उलटल्यावर त्याच्या नाडीत एक खोड निघाली. पाच ठोके नीट पडायचे, सहावा गायब. डॉक्टर म्हणाले, अनेकांचं असतं, घाबरायचं नाही. पण लक्ष ठेवा. लागोपाठ दोन-तीन ठोके चुकायला लागले तर त्याला बसल्या जागेवरून हलू देऊ नका आणि तडक आम्हाला कळवा.

बाईंच्या हाती असं काम म्हणजे काय विचारता! रोज सकाळी चहाचे कप बाजूला सारले की त्या त्याचं मनगट पुढे ओढत. पूर्ण मिनिट. त्यानं त्यासाठी खास वही बांधून दिली होती, निळ्या कापडाची, आत दोन रकाने: एक त्याचा, एक बाईंचा. कारण बाईंचं मोजून झालं की तो म्हणे, "आता माझी पाळी." मग तो बाईंचा डावा हात धरे, डोळे मिटे, ओठ हलवत मोजल्यासारखं करे आणि निकाल देई, "एकशे अकरा."

"अहो, एकशे अकरा असती तर मी इथे बसले असते का?"

"मधलं बोट आखूड पडतं ना माझं. त्यातून काही ठोके जास्त येतात."

आणि बाईंच्या रकान्यात तो ठळक अक्षरांत लिहून टाकी, १११. वहीची पानंच्या पानं एकशे अकरांनी भरली होती.

त्याच्या शेवटच्या सकाळी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होत्या, बाईंना अर्धा तास आधी पोचायचं होतं, आणि गॅसवर दूध उतू गेलं. बाईंनी उभ्या उभ्या त्याचं मनगट धरलं. पंधरा सेकंदांत सोळा ठोके. सोळा चोक चौसष्ट. वहीत चौसष्ट लिहून त्या पर्स शोधायला लागल्या. "माझी पाळी," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला. "संध्याकाळी," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

अकराच्या सुमारास तो दुकानात स्टुलावर बसला तो उठला नाही. त्या वेळी बाई एका मुलीला विचारत होत्या, नाडी किती सेकंद मोजावी?

त्या सकाळी आपण पंधराच सेकंद मोजले, हे बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या मुलीलाही नाही. उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत काय होतं, हा प्रश्न बाई तीन वर्षं उशाशी घेऊन झोपत होत्या. ठोके नेहमीसारखे होते का? की लागोपाठ चुकत होते, आणि आपण बोटं उचलली? आणि त्याहीपलीकडे, खरं सांगायचं तर, त्यांना ते मनगट हवं होतं. पुन्हा एकदा, पूर्ण मिनिट. दुसरं काही मागायचं त्यांना सुचतही नसे.

त्या सोमवारी प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. प्राचार्या खुशीत होत्या. "नवा पुतळा मंजूर झाला. आत यंत्र आहे. नाडी हवी तेवढी ठेवा, श्वास हवा तसा ठेवा. बटण दाबलं की खोकतोसुद्धा म्हणे! शुक्रवारी सकाळी गाडी येईल, नवा उतरवतील आणि तुमच्या आजोबांना घेऊन जातील."

"कुठे?"

"अहो, भंगारात. अजून कुठे?"

बाईंना उगीचच वाईट वाटलं. खाली येऊन त्यांनी आजोबांच्या अंगावरची चादर सारखी केली.

मंगळवारी त्या तक्ते तपासत होत्या. 'लागली नाही, लागली नाही, लागली नाही.' आठवा तक्ता हळूबाईचा होता. हळूबाई हे मुलींनीच ठेवलेलं नाव. ती मुलगी चादरीचा कोपरा दुमडायलाही इतका वेळ लावी की पेशंट बरा होऊन घरी जाईल, असं मुली म्हणत. पण हात चांगला होता तिचा. बाईंना ती मनातून आवडे.

तिच्या तक्त्यावर लिहिलं होतं: 'पहिले पंधरा सेकंद नाडी लागली नाही. पुढे ४१. पाच ठोक्यांनंतर सहावा चुकतो. शेवटी जास्त चुकतात.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तिला पुढे बोलावलं.

"हे काय आहे?"

"नाडी, मॅडम."

"पुतळ्याला नाडी असते का?"

"नसते, मॅडम."

"मग?"

"पण लागली." हळूबाई म्हणाली. "मी मनचं नाही लिहिलं."

मागे खसखस पिकली. बाईंनी मान वर केली तशी ती थांबली. "बाकी कुणाला लागली?" कुणाला लागली नव्हती. "पूर्ण मिनिट धरला होता हात? सगळ्यांनी?"

मुली एकदम जमिनीवरच्या फरशा मोजायला लागल्या. पुतळ्याच्या मनगटावर कोण साठ सेकंद घालवतो? पंधरा झाले की काम झालं. तेवढ्यात बाईंना कळायचं ते कळलं. बाकीच्या साऱ्या जणी पंधराला उठल्या होत्या.

"शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आण," त्या हळूबाईला म्हणाल्या. आवाज वाजवीपेक्षा कडक झाला होता. "नाहीतर प्रात्यक्षिकात नापास करीन. खोटी नोंद मी कुणाचीच चालवून घेत नाही."

बोलून झाल्यावर त्यांचे स्वतःचेच कान तापले.

कुणीतरी आपली चेष्टा केली असेल, असं त्या घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होत्या. पण कुणी कशी करणार? सहाव्या ठोक्याचं नवऱ्याला, त्यांना आणि डॉक्टरांना सोडून कुणाला माहीत होतं? चहाही न करता त्यांनी कपाटातून निळी वही काढली. शेवटचं पान. चौसष्ट. समोरचा रकाना कोरा. त्यांनी पेन्सिल घेतली आणि समासात मांडलं: पंधरा सेकंदांत सोळा. पंचेचाळीस सेकंदांत एक्केचाळीस. एकूण सत्तावन्न.

त्याची नाडी असायचीच पंचावन्न ते साठच्या मध्ये. मागची सगळी पानं तेच सांगत होती. चौसष्ट त्याची कधी नव्हतीच.

बुधवारी मुली जेवायला गेल्यावर बाई मागे थांबल्या. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं. बाहेर कुणीतरी सायकल पुसत होतं. भ्यावं असं त्या खोलीत काहीही नव्हतं. बाईंनी आजोबांचं मनगट धरलं. थंड, पावडरीनं गुळगुळीत, जसं बत्तीस वर्षं होतं तसं.

पाच सेकंद. काही नाही. दहा. काही नाही. बारा, तेरा, चौदा.

बाईंनी हात मागे घेतला.

पंधरानंतरही काही लागलं नसतं तर? आणि लागलं असतं तर? त्यांना दोन्ही सोसवलं नसतं. त्या बेसिनपाशी गेल्या आणि मुलींना शिकवायच्या तसे, एकेक बोट वेगळं करून, हात धुतले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, हे झाल्यावर बाई मधेच म्हणाल्या, "तुझ्या बाबांची नाडी त्या दिवशी..."

"आई, पुन्हा तेच?" मुलगी हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते ना, एका क्षणात गेले. कुणाच्या हातात नव्हतं."

"डॉक्टरांना कुठे ठाऊक होतं?"

"काय ठाऊक होतं?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "तू जेवून घे."

गुरुवारी हळूबाईनं सगळ्यांसमोर पुन्हा नाडी घेतली. बाई हट्टानं खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मिनिट संपलं, तक्ता आला. पुन्हा तेच, अक्षर न् अक्षर. फक्त खाली एक ओळ जास्त होती: 'हात कोमट.'

"दुरुस्त करायला सांगितलं होतं ना?"

"मॅडम, तुम्हीच सांगता, बोटाला लागलं तेच लिहायचं." हळूबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मागे हटली नाही. "नापास करा हवं तर. लागली नाही असं कसं लिहू?"

बाईंनी तक्ता टेबलावर ठेवला. हा धडा त्यांनीच दिला होता आणि तो त्यांनी स्वतः एका सकाळी मोडला होता. या मुलीनं नाही मोडला.

शुक्रवारी नऊलाच बाई खोलीत आल्या. हळूबाई आधीच येऊन आजोबांना पावडर लावत होती. शेवटचा दिवस म्हणून तिनं केसांच्या जागीसुद्धा हात फिरवला होता.

"तू थांब," बाई म्हणाल्या. "दाराशी उभी राहा. कुणाला आत सोडू नकोस."

त्या स्टूल ओढून आजोबांच्या उजव्या बाजूला बसल्या. उजव्या हाताची तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. डावा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला. सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली.

काटा बारावर आला.

पाच. दहा. रबर, नुसतं रबर.

चौदाला त्यांचा हात सवयीनं उठायला लागला. त्यांनी तो दाबून धरला.

पंधरा.

मग बोटाखाली एक ठोका पडला.

हलका, किंचित डावीकडे सरकलेला. त्याचा असाच असायचा, नेमक्या जागेच्या जरासा बाजूला. बाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. मग ती रिकामी जागा, जिच्यासाठी त्या रोज श्वास धरून बसत. मग पुन्हा एक.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्यांनी नजर काट्यावरून हलवली नाही. मोजणं सोडलं नाही. अठरा, एकोणीस, वीस. मनगट कोमट होत होतं. चहाचा कप धरून झाल्यावर होतं तितकंच कोमट.

काटा दहाच्या आकड्यावर आला. पन्नास सेकंद.

एक ठोका. मग नाही. मग पुन्हा नाही.

दोन लागोपाठ.

एक ठोका. नाही. नाही. नाही.

तीन.

म्हणजे त्या सकाळी ते होतं. चहाच्या टेबलावर, उतू गेलेल्या दुधाच्या वासात, त्याच्या मनगटात ते होतं. अजून थोडा वेळ बोटं ठेवली असती तर त्यांनी त्याला खुर्चीवरून उठूच दिलं नसतं.

"अहो," बाई म्हणाल्या. "चुकलं हो माझं."

एक्केचाळिसावा ठोका पडला आणि काटा बारावर आला. बोटांखाली रबर होतं. थंड.

बाईंनी तरी हात सोडला नाही. आणखी एक मिनिट गेलं, कदाचित दोन. त्या पुढचं मोजत नव्हत्या. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा त्या उठल्या, हळूबाईच्या तक्त्यावर 'नोंद बरोबर' असं लिहून सही केली आणि तो तिच्या हातात दिला.

"लागली, मॅडम?"

"लागली." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पूर्ण मिनिट कधी सोडू नकोस हं."

दोन माणसं आली. एकानं आजोबांच्या खांद्याला धरलं, दुसऱ्यानं पायांना. "हलकंच आहे की," एक म्हणाला. नव्याचं खोकं त्यांनी खाटेशी टेकवलं आणि आजोबांना चादरीत गुंडाळून नेलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बाई खिडकीशी होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटत होतं. घरी जाऊन चौसष्टवर एक रेघ मारायची, शेजारी सत्तावन्न लिहायचे आणि खाली सही करायची. नोंद दुरुस्त करायची रीत तीच. समोरचा रकाना मात्र कोराच राहणार होता. संध्याकाळी म्हणून जो हात त्यांनी दिला नव्हता, त्याचं आता काही करता येत नव्हतं.

हळूबाई बेसिनपाशी हात धूत होती. "मॅडम, तुम्ही?" तिनं बाजूला होत विचारलं.

बाईंनी नळ सोडला. उजव्या बाहीचं बटण काढलं, बाही वर केली. मग डाव्या बाहीचं. ते बटण सकाळी घरून निघताना लावलं होतं तसंच घट्ट होतं. ते नखानं सोडवावं लागलं. कापड स्वच्छ होतं. त्यांनी बाही दुमडली.

आतल्या बाजूला, मनगटावर, नाडीच्या अगदी जागेवर पावडरीचे तीन ठसे होते.

"मॅडम, पाणी वाहतंय," हळूबाई म्हणाली.

बाईंनी नळ बंद केला. बाही हळूच खाली ओढली आणि बटण लावून टाकलं. त्या दिवशी त्यांनी डावा हात धुतला नाही. तीन ठशांमधला मधला आखूड होता.